एकशे चौदा नंबरचा बिल्ला

माझं प्रेत सापडल्याची बातमी आली तेव्हा मी खर्दुंग गावच्या ढाब्यावर थुकपा खात होतो. लेहहून भरलेली सुमो खिंडीवरून खाली उतरवून आणली होती. सात उतारू बाहेर उन्हात पाय मोकळे करत होते आणि माझी वाटी अजून निम्मी होती. फोन आमच्या गावच्या गोबाचा, म्हणजे मुखियाचा होता. स्तोबदन त्याचं नाव. वय बत्तीस, आणि गोबा झाल्यापासून फोनवर बोलताना आवाज दोन बोटं जाड झालेला. मला तो आचो म्हणतो, म्हणजे दादा.

"आचो गुर्मेत, कुठं आहेस?"

"खर्दुंगला. का रे?"

"तुझं प्रेत सापडलं."

"बरं. मग काय, घ्यायला येऊ?"

"चेष्टा नाही करत. फौजेच्या तळावरून फोन होता. हिमनदीच्या खालच्या टोकाला बर्फ वितळलं, त्यातून माणूस निघालाय. गळ्यात बिल्ला आहे, एकशे चौदा नंबरचा. त्यांच्या जुन्या रजिस्टरात एकशे चौदा म्हणजे गुर्मेत, गाव लुंगसर."

मी चमचा खाली ठेवला. गळ्यात बिल्ला माझा असला तरी माणूस कोण ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. टुंडुप. सव्वीस वर्षांनी तो खाली आला होता.

"आणखी काय सापडलं?" मी विचारलं.

"कोट. आत लोकरी गोंचा, कमरेला पट्टा. आणि कोटाच्या अस्तरात शिवलेला, बर्फावर लावायचा एक काळा चष्मा. कारकून म्हणाला, अगदी कोरा आहे. तू ये लवकर, बोलायला हवं."

ढाबेवालीनं माझ्या तोंडाकडे बघितलं. "काय झालं, मेमे? घरी बरंय ना?"

"मयत झालीय."

"कोण?"

"मीच," मी म्हणालो आणि थुकप्याचे पैसे ठेवून उठलो. बाईला वाटलं, या मेमेनं, म्हणजे आजोबांनी, सकाळीच छांग ढोसली आहे. उतारूंपैकी एकजण तर माझ्या शेजारी बसायचं सोडून मागं जाऊन बसला.

आता हे सगळं नीट सांगायला हवं. आमच्या गावात एकतीस घरं. वर हिमनदीवर फौजेच्या चौक्या आहेत, आणि त्या चौक्यांना रॉकेल, पीठ, साखर पाठीवरून नेणारी माणसं आमच्या नुब्र्याच्या गावांतून जातात. माझ्या तरुणपणी लुंगसरमधून दर हिवाळ्याला सहा माणसं जायची. कुणी जायचं ते गावात बारीनं ठरे. घराची बारी आली की जायचं, मग लग्न असो नाहीतर बारसं. फौजेला कुणाची बारी आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांना सहा डोकी हवीत, प्रत्येकाच्या गळ्यात बिल्ला हवा, आणि बिल्ल्याचाच नंबर कोटाच्या पाठीवर रंगवलेला हवा. सकाळी नंबर पुकारायचे. "एकशे चौदा?" "हाजिर." बस्स. तोंडं तर सगळ्यांची फडक्यात गुंडाळलेली असायची, फोटोबिटो तेव्हा कुठले.

बारी आली आणि माणूस आजारीच असला, तर त्याच्या जागी त्याच्या फास्पुनमधला जाई. त्याचाच बिल्ला, त्याचाच कोट घालून. आम्हाला यात काही वावगं वाटत नसे. फास्पुन म्हणजे एकाच देवाची चार-पाच घरं. बाळ जन्मलं की पहिली भाकरी फास्पुनच्या घरून येते. माणूस मेला की त्याच्या रक्ताच्या नातलगांनी प्रेताला हातही लावायचा नाही, ते काम फास्पुनचं. धुणं, बांधणं, उचलणं, जाळणं. रक्ताच्या माणसानं रडायचं, फास्पुननं राबायचं, अशी आमच्याकडे वाटणी आहे. आमच्या फास्पुनमध्ये घरं चार: माझं, टुंडुपचं, मेमे इशेंचं, आणि या स्तोबदनचं. तेव्हा गोबा स्तोबदनचा बाप होता.

त्या हिवाळ्यात बारी माझ्या घराची होती. सहा आठवडे मी वर काढले. पाचव्या आठवड्यात आमच्या दोरीवरचा एकजण, पोऱ्या नव्हे, चांगला तिशीचा गडी, शेजारच्या गावचा, भेगेत गेला. दोर तुटला. तो खालून बराच वेळ बोलत होता. आधी हाका मारत होता, मग बैलाचं नाव घेऊन बायकोला काहीतरी सांगत होता, मग थांबला. तेव्हापासून माझी पाचावर धारण बसली होती. पाऊल टाकण्याआधी मी काठीनं तीनदा बर्फ ठोकून बघायचो. मधल्या सुट्टीला आठ दिवस गावी जायचं होतं आणि पुन्हा वर यायचं होतं. मी ठरवलं, पुन्हा यायचं नाही.

"भीती वाटते" असं म्हणायची आमच्यात सोय नव्हती. म्हणून मी बर्फाच्या चकाकीनं डोळे गेल्याचं सोंग घेतलं. उतरताना शेवटच्या मुक्कामावर सगळे चहाला गेले होते. मी तंबूत बसून माझा बर्फाचा चष्मा कोटाच्या अस्तरात घातला आणि तंबू शिवायच्या सुईनं वरून टाके मारले. फेकून द्यायचा धीर झाला नाही. सरकारी वस्तू, हंगामाच्या शेवटी परत द्यावी लागे. मग बाहेर येऊन ओरडलो, "चष्मा गेला! वाऱ्यानं दरीत गेला!" शेवटचा दिवस मी खरंच उघड्या डोळ्यांनी बर्फावरून चाललो. लबाडीलाही थोडी मेहनत लागते. घरी पोचेपर्यंत डोळे मिरचीसारखे लाल झाले होते. बायकोनं चहाचा गार चोथा ठेवून वर काळं फडकं बांधलं. डोळे दुसऱ्या दिवशी बरे झाले, पण मी फडकं सोडलं नाही.

आठव्या दिवशी टुंडुप आला. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, हसरा, थोडा आगाऊ. यांगडोलशी लग्न होऊन त्याला तिसरं वर्ष लागलं होतं.

"काय आंधळे महाराज," तो म्हणाला, "दिसतंय का काही?"

"नाही रे."

"बरंय. तुझं थोबाड आरशात बघायची शिक्षा तरी टळली." आणि त्यानं माझ्या गळ्यातला बिल्ला काढून घेतला. "झोप तू. राहिलेले सहा आठवडे मी काढतो. पुढच्या वर्षी माझी बारी तू काढ."

मग मी खुंटीवरून कोट काढल्याचा आवाज ऐकला. तो कोट जाड होता, घालताना कापड कुरकुरायचं. माझ्या डोळ्यांवर फडकं होतं आणि मी आंधळा होतो, म्हणून कोण काय नेतंय हे मला दिसत नव्हतं. "तो कोट ठेव" म्हणायला काय कारण देणार? "अस्तर उसव" म्हणायला तर तोंडच नव्हतं. मी गप्प पडून राहिलो. पायऱ्यांवरून त्याचे बूट वाजत खाली गेले. तो आवाज मी सव्वीस वर्षं ऐकतो आहे.

नवा चष्मा तो मागू शकला नाही. मागायला गेला असता तर नाव विचारलं असतं, बिल्ला बघितला असता आणि बदली माणूस उघडा पडला असता. मेमे इशे त्या फेरीत त्याच्या दोरीवर होते. त्यांनी परत येऊन सांगितलं ते असं. तिसऱ्या दिवशी टुंडुपच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पाचव्या दिवशी त्यानं फटी ठेवून फडकं बांधलं आणि इशेंच्या दोराचं शेपूट धरून चालला. एका अरुंद जागी इशे म्हणाले, उजवीकडे. टुंडुपनं पाय टाकला तो हातभर डावीकडे. गावात सगळे हळहळले, "गुर्मेतचा चष्मा हरवला नसता तर."

पुढचा घोळ गोबानं घातला, म्हणजे स्तोबदनच्या बापानं. बदली माणूस गेला हे कळलं तर गावाची बारीच, म्हणजे हिवाळ्याची मजुरीच, बंद होईल, या भीतीनं त्यानं फौजेला सांगितलं, "एकशे चौदा, गुर्मेत, बेपत्ता." मला बहिणीकडे दिस्कितला धाडलं. जी भरपाई आली ती त्याच दिवशी यांगडोलच्या घरी पोचली, त्यात कुणी खोट केली नाही. पण दिवस करायच्या वेळी फौजेचे दोन साहेब सांत्वनाला येऊन बसले. लामांसमोर प्रेत नव्हतं, कागदावर नाव लिहून तो कागद जाळायचा होता. साहेबांच्या देखत लामांनी कागदावर माझं नाव लिहिलं. माझंच नाव मोठ्यानं घेऊन सांगितलं की तू मेला आहेस, आता मागं बघू नकोस. नंतर लामा यांगडोलला म्हणाले, मनात मी टुंडुपचंच नाव घेत होतो.

तेव्हापासून फौजेच्या दप्तरी मी मेलेला आहे. गावातली पोरं मला रोलंग म्हणतात. रोलंग म्हणजे उठून चालणारं मढं. मीही हसतो. "रोलंगची गाडी आली, चढा," असं लोक लेहच्या थांब्यावरही ओरडतात. हिमनदीवर मी पुन्हा कधी गेलो नाही, ड्रायव्हर झालो. टुंडुपची बारी पुढच्या वर्षी काढायची राहूनच गेली.

दुपारी चारला मी गावात पोचलो. यांगडोल गच्चीवर जर्दाळू उलटत होती. तिच्या स्वयंपाकघरात स्तोबदन आणि मेमे इशे आधीच येऊन बसले होते. मेमे इशे चौऱ्याहत्तरचे, कानानं थोडे कमी, पण हवं ते सगळं ऐकतात. यांगडोल खाली आली, हात पुसले आणि सगळ्यांना लोणी-मिठाचा गुरगुर चहा ओतला.

स्तोबदननं सुरुवात केली. "मी तळावर जातो, गोबा म्हणून सही करतो, प्रेत आणतो. कागदावर गुर्मेत असू दे. इथं आणल्यावर आपण आपल्या रीतीनं टुंडुप म्हणून जाळू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"नाही," यांगडोल म्हणाली.

"आचे-ले," तो तिला ताई म्हणून समजावू लागला, "यंदा आपल्या गावची अकरा माणसं वर जाणार आहेत. सव्वीस वर्षांपूर्वी बिल्ला बदलला हे आता सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. उद्या म्हणतील, लुंगसरची माणसं नकोत."

"तुझ्या बापानंही हेच सांगितलं होतं. याच चुलीपुढं बसून." ती शांतपणे बोलत होती. "माझा नवरा मतदार यादीत अजून आहे, ठाऊक आहे ना? निवडणुकीला पोरं येतात, विचारतात, मेमे टुंडुप कुठायत? मी म्हणते, बाहेर गेलेत. किती वर्षं बाहेर जाईल माणूस? लामांनी दुसऱ्याचं नाव घेतलं. वाट दाखवली ती या गुर्मेतला, आणि हा तर लेह-दिस्कितची वाट रोज दोनदा बघतो."

मेमे इशे हसले. मीही हसायला गेलो, पण जमलं नाही.

"मला त्याचं नाव मोठ्यानं घेतलेलं हवं," ती म्हणाली. "फौजेच्या देखत घेतलं होतं ना खोटं? मग खरंही त्यांच्या देखतच घ्या. आचो गुर्मेत, तू जाऊन एवढंच सांग की तू जिवंत आहेस. बाकी ते समजतील. जमेल?"

"जमेल," मी म्हणालो.

मला वाटलं, चष्म्याबद्दल कुणी काही विचारेल. कुणीच विचारलं नाही. स्तोबदननं सापडलेल्या वस्तूंची यादी वाचून दाखवली तेव्हा मेमे इशे चहात सत्तू कालवत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं. त्यांच्या बोटांकडेच मी बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं पिकअप घेऊन निघालो. मी चालवत होतो, मेमे इशे शेजारी, स्तोबदन मागं घोंगड्यांवर. यांगडोल आली नाही, रक्ताच्या नि लग्नाच्या माणसानं यायचं नसतं. शेतांत जव कापून झाला होता. बैल खळ्यावर फिरत होते आणि बायका गात होत्या. नदी सप्टेंबरात असते तशी राखाडी. तिच्या काठानं रस्ता जातो, आणि दर वळणावर मला वाटत होतं की परतताना खिडकी उघडून तो चष्मा पाण्यात टाकला तर कुणाला कळणार आहे. वस्तू माझ्याच हाती देणार, मीच ड्रायव्हर. जिवंत आहे एवढंच सांगायचं होतं. भित्रा आहे असं सांगायला यांगडोलनं कुठं सांगितलं होतं?

चेकपोस्टवर शिपायानं वही पुढं केली. मी गुर्मेत लिहिलं. तो म्हणाला, "काम?" मी म्हणालो, "स्वतःला न्यायला आलोय." स्तोबदननं मागून कपाळावर हात मारला.

तळावरचा कॅप्टन तरुण होता, दक्षिणेकडचा. नाकाची सालपटं निघालेली. त्यानं आम्हाला चहा दिला, काजू दिले आणि फार अदबीनं बोलला. मग एका शेडमध्ये नेलं.

टुंडुप उताणा होता, एक गुडघा थोडा वर. मी अठ्ठावन्नचा झालो होतो आणि तो चौतिसाचाच होता. कातडी काळवंडली होती, पण तो तोच होता. डोळ्यांवर काळं फडकं होतं, मध्ये फटी ठेवलेलं. कमरेला यांगडोलनं विणलेला गुलाबी पट्टा. मेमे इशेंनी तो पट्टा हातात धरला आणि रडले. मोठ्यानं, तोंड न झाकता. फास्पुननं रडायचं नसतं, पण त्यांना कोण सांगणार.

"हे कोण आहेत, ओळखता ना?" कॅप्टननं विचारलं. "गुर्मेत, लुंगसर?"

स्तोबदन घसा खाकरून पुढं झाला. मी त्याला हातानं मागं सारलं.

"गुर्मेत मी आहे, साहेब. हा टुंडुप. बारी माझी होती, माझ्या बिल्ल्यावर हा आला होता. मी जिवंत आहे." मी आधार कार्ड काढून त्याच्या हातात दिलं.

कॅप्टननं कार्ड बघितलं, मला बघितलं, मग जुनं रजिस्टर मागवलं. तो चिडेल असं मला वाटलं होतं. तो खुर्चीवर बसून बराच वेळ ते पिवळं पान वाचत राहिला. "हे मला वर कळवावं लागेल," तो म्हणाला. "पण प्रेत ज्याचं आहे त्याच्याच नावानं नेऊ. बरोबर आहे ते." आणि त्यानं नवा कागद घेतला, नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, घराचं नाव विचारलं. मेमे इशेंनी एकेक सांगितलं. टुंडुप, शालीपा घरचा. यांगडोलचं काम झालं होतं. मी तिथून उठलो असतो तर सगळं ठीक होतं.

मग कारकुनानं वस्तू आणल्या. बिल्ला, एक सुरी, एक लाकडी वाटी, चष्मा. चष्म्याचा पट्टा ताठ झाला होता, काच मात्र धुतल्यासारखी. कॅप्टननं तो उचलून शेडच्या दारातल्या उजेडात धरला.

"मला एक कळत नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात संशय नव्हता, तो खरंच विचारत होता. "डोळ्यांवर फडकं बांधून चालत होता. म्हणजे त्याला त्रास होत होता. छातीशी चांगला चष्मा होता. मग लावला का नाही?"

मेमे इशेंनी वर बघितलं. त्यांना हवं ते सगळं ऐकू येतं.

मी म्हणालो, "त्याला माहीत नव्हतं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच शिवला होता."

आणि मग थांबता आलं नाही. भेगेतला माणूस, तंबू, सुई, फडकं, खुंटीवरचा कोट, सगळं सांगितलं. अर्धं हिंदीत, अर्धं आमच्या बोलीत. कॅप्टनला अर्धंच कळलं असेल. ज्याला सगळं कळलं तो माणूस टुंडुपच्या कमरपट्ट्याचं टोक हातात धरून उभा होता.

मेमे इशे म्हणाले, "सव्वीस वर्षं मी लोकांना सांगतोय की मी उजवीकडे म्हणालो. मला वाटायचं, मी नीट म्हणालो नसेन. वारा होता. मीच तोंडातल्या तोंडात बोललो असेन." मला एक मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

येताना ते मागं बसले, टुंडुपजवळ. स्तोबदन माझ्या शेजारी बसला आणि पंधरा किलोमीटरनंतर म्हणाला, "अकरा माणसं, आचो. अकरा घरं." मी रस्त्याकडे बघत होतो. चष्मा माझ्या मांडीवर होता. पूल आला, गेला. खिडकी उघडीच होती.

गावात शिरल्याबरोबर मी गाडी थांबवली आणि चालत यांगडोलच्या घरी गेलो. इशे सांगतील त्याआधी मला सांगायचं होतं. ती दारातच होती. मी चष्मा तिच्या हातात दिला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. ती काचेवरून अंगठा फिरवत राहिली.

"त्यानं कोट घेतला तेव्हा तू जागा होतास?"

"हो."

"बघत होतास?"

"फडकं होतं. ऐकत होतो."

"जा," ती म्हणाली.

ओन्पोनं, म्हणजे गावच्या ज्योतिष्यानं, पंचांग बघून तिसऱ्या दिवसाचा सकाळचा मुहूर्त काढला. ते दोन दिवस टुंडुप त्याच्या घराच्या थंड खोलीत होता आणि फास्पुनचे लोक येत-जात होते. मला कुणी बोलावलं नाही. मी गाडी धुतली. मग पुन्हा धुतली. आमच्याकडे फास्पुननं टाकलं की माणसाला सगळं मिळतं, पाणी, दळण, दुकानातलं मीठ. फक्त मेल्यावर उचलायला कुणी येत नाही. स्तोबदनला मी वाटेत विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मेमे म्हणतात, ते यांगडोलनं ठरवायचं."

तिसऱ्या दिवशी न बोलावता गेलो. जाऊन अंगणाच्या कडेला भिंतीशी उभा राहिलो. गाव जमलं होतं. कॅप्टन दोन जवानांना घेऊन आला होता, टोपी हातात धरून उभा होता. लामा बसले होते, पूर्वीच्या लामांचे शिष्य. आमच्याकडे मढं बसवून बांधतात, पण टुंडुपला बर्फानं सरळ करून ठेवलं होतं. म्हणून सुतारानं लांब तिरडी केली होती, चार दांड्यांची.

लामांनी घंटा वाजवली आणि मोठ्यानं म्हणाले, "टुंडुप. शालीपा घरच्या टुंडुप. तू मेला आहेस. मागं बघू नकोस." कॅप्टनला भाषा कळत नव्हती, पण नाव कळलं, त्यानं मान खाली घातली. यांगडोल दाराच्या उंबऱ्यात उभी होती. तिनं डोळे मिटले आणि एकदा मान हलवली, कुणीतरी विचारलेल्याला हो म्हणावं तशी.

मग उचलायची वेळ झाली. पुढं मेमे इशे आणि स्तोबदन, मागं एका बाजूला स्तोबदनचा भाऊ. चौथा कोपरा मोकळा. आमच्या फास्पुनमधलं उरलेलं घर माझं. इशेंनी माझ्याकडे बघितलं नाही. सगळं अंगण थांबून राहिलं. शेवटी शेजारच्या फास्पुनमधला एक गडी बाह्या सावरत पुढं आला.

"थांब," यांगडोल म्हणाली. ती अंगणात उतरली. घरच्या माणसानं तिथं यायचं नसतं, पण ती आली आणि तिरडीच्या त्या कोपऱ्यापाशी उभी राहिली. आयुष्यभर ती मला आचो म्हणत आली होती.

"गुर्मेत," ती म्हणाली. "बारी तुझी होती. उचल."

मी गेलो आणि कोपरा खांद्यावर घेतला. जाळायची जागा गावाच्या वर आहे, पाऊण तासाची चढण. वाटेत कुणी माझा खांदा बदलायला आलं नाही, आणि मीही कुणाला हाक मारली नाही.